मदत घेणाऱ्याचे नाव

संकटात सापडलेल्या माणसाला मदत करावी, पण त्याच्या नावाचा गवगवा करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु मदतीचा हात सरकारचा असेल आणि पैसा सर्वांच्या करातून आलेला असेल, तर हाच दंडक लागू पडतो काय?

अमेरिकेतील गुरेपालकांच्या बाबतीत हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. २००२ साली तेथे मोठा दुष्काळ पडला. कुरणे करपली. सरकारने तातडीची भरपाई योजना काढली : मांसासाठी पाळलेल्या मोठ्या गाईमागे १८ डॉलर, दुभत्या गाईमागे साडेएकतीस डॉलर. आपली काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, आपद्ग्रस्त म्हणून जाहीर झालेली असली की पुरे. नुकसानीचा पुरावा कोणी मागत नव्हते. पुढील वर्षी तेथील संसदेने अट आणखी सैल केली. आपत्ती दुष्काळाचीच हवी, असेही उरले नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान टेक्सासच्या आकाशात भंगले (कल्पना चावला त्याच यानात होत्या). त्याचे अवशेष पडले म्हणून आपद्ग्रस्त ठरलेल्या भागांतही गुरांमागे अनुदान वाटले गेले! २००६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हा हिशेब मांडला. दोन वर्षांतील सुमारे १२० कोटी डॉलरपैकी निम्म्याहून अधिक रक्कम, जेथे दुष्काळ नव्हता किंवा बेताचाच होता, अशा भागांत गेली होती.

योजनेने नुकसान विचारलेच नव्हते. मग ते न दाखवता पैसे घेणारा लबाड कसा ठरेल? नियमाने दिले, त्याने घेतले. दोष नियम करणाऱ्यांचा, आणि बोट मात्र यादीतल्या माणसाकडे. लहान गावात, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथे हे बोट फार टोचते. ज्याचे कुरण खरोखरच करपले, तोही त्याच यादीत, त्याच संशयाखाली उभा राहतो.

तथापि नोंदी बंद कपाटात राहिल्या असत्या, तर नियमाचे हे भगदाड कोणाला दिसले असते? माझ्या मते खऱ्या आपद्ग्रस्ताचा कैवार उघडी नोंदच घेते. त्याच्या वाट्याचा पैसा भलतीकडे वाहिला, हे दाखवायला दुसरा साक्षीदार नसतो.

मात्र उघडेपणालाही मर्यादा हवी. युरोपीय संघात शेतीसाह्य घेणाऱ्यांची नावे संकेतस्थळावर सरसकट झळकू लागली, तेव्हा जर्मनीतील दोन शेती व्यावसायिकांनी दाद मागितली. ९ नोव्हेंबर २०१० रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने व्यक्तींची नावे अशी सरसकट छापणे प्रमाणाबाहेरचे ठरवले. २०१३ च्या नियमांनी नावे पुन्हा आली. अगदी लहान रकमा घेणाऱ्यांना मात्र वगळण्यात आले. हा तोडगा मला न्याय्य वाटतो.

अमेरिकेच्या २००८ च्या कायद्याने दुसरी वाट धरली. चाऱ्याच्या मदतीसाठी दुष्काळाच्या नकाशाचा आधार आला आणि आपत्तीत दगावलेल्या जनावरांच्या भरपाईसाठी पुरावा आवश्यक झाला. शेतकऱ्याने सरकारला दिलेली जमिनीची व व्यवसायाची माहिती झाकली गेली. घेणाऱ्याचे नाव व रक्कम मात्र उघडी राहिली. त्यामुळे शेजाऱ्याला किती डॉलर मिळाले, हे कोणालाही कळू शकते. त्याच्या गोठ्यात त्या हिवाळ्यात काय घडले, ते त्या आकड्यावरून कळत नाही.