छताचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, मत्तय ४:५-७



मुलांना सुटी लागली की करमणुकीच्या उद्यानात जाण्याचा हट्ट सुरू होतो. आपणही हौसेने त्यांना नेतो. उंच पाळण्यात किंवा रोलर कोस्टरमध्ये बसल्यावर लोखंडी दांडा मांडीवर येऊन टेकतो आणि आपण आपला व आपल्या लेकरांचा जीव काही अनोळखी माणसांच्या स्वाधीन करतो. तो जीव त्यांनी कसा सांभाळावा, याविषयी देवाच्या वचनाला काही सांगावयाचे आहे काय?

होय, आहे. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. त्या देशातील घरांची छते सपाट असत. राहाब तेथे अंबाडीची ताटे पसरीत असे. याफोत पेत्र प्रार्थनेसाठी छतावरच गेला होता. घरात आलेला पाहुणाही छतावर जाई. हा पाहुणा सावध का राहिला नाही, असे नियमशास्त्र विचारीत नाही. ते घरधन्याला विचारते, "कठडा कोठे आहे?"

इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स या प्रसिद्ध उद्यानात २ जून २०१५ रोजी काय घडले ते पाहा. रोलर कोस्टरच्या रुळांचे भाग पाडलेले असतात. एका भागात एक गाडी असताना दुसरी आत येऊ नये म्हणून संगणक मागची गाडी रोखून धरतो. हा आजच्या काळातील कठडाच म्हणावयाचा! त्या दिवशी एक रिकामी गाडी वाटेत अडकली होती. संगणकाने मागून येणारी, माणसांनी भरलेली गाडी थांबविली. परंतु वाट मोकळीच आहे, हा इशारा खोटा आहे, असे तंत्रज्ञांना वाटले. त्यांनी तो बाजूला सारला आणि गाडी सोडली. गाडीत सोळा जण होते. दोन तरुणींना आपला एकेक पाय गमवावा लागला. चौकशीत यंत्रात बिघाड आढळला नाही. न्यायालयाने एखाद्या कामगाराच्या चुकीवर बोट ठेवून प्रकरण मिटविले नाही; कामाची सुरक्षित पद्धत घालून न देणाऱ्या कंपनीस दोषी धरून २०१६ साली पन्नास लाख पौंडांचा दंड ठोठावला. मोशेच्या नियमाप्रमाणेच येथेही घरधन्यालाच जाब विचारला गेला.

आपल्या देशातही १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लोलकासारखा झुलणारा पाळणा तुटला आणि दोघांचा मृत्यू झाला. अशी वार्ता आली की आपण हळहळतो आणि म्हणतो, "देवाची इच्छा!" बंधुभगिनींनो, हे शब्द उच्चारण्यापूर्वी थांबावे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती, असे मानण्यास प्रभू येशूने नकार दिला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाची हाक दिली. झिजलेला खिळा बदलला नाही, तपासणी न करताच कागदावर सही झाली, तर तो दोष देवाच्या माथी मारणे हे भक्तीचे लक्षण नव्हे. ज्या देवाने कठडा बांधावयास सांगितले, त्याची इच्छा माणूस पडावा अशी कशी असेल?

याला दुसरीही बाजू आहे. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे केले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे म्हटले. त्यासाठी त्याने शास्त्रवचनाचाच आधार घेतला! प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे त्याने शास्त्रातूनच दाखवून दिले. पाळण्यापाशी उंचीची खूण असते, कारण मोठ्यांसाठी बेतलेला दांडा लहान देहाला धरून ठेवू शकत नाही. "काही होत नाही, प्रभू राखील" असे म्हणून लेकराला टाचा उंचावून उभे करणारा बाप विश्वास दाखवीत नाही. तो देवाची परीक्षा पाहतो. आणि त्या परीक्षेत पणाला लागतो तो लेकराचा जीव.

आपल्या मंडळीच्या सणाला जत्रा भरते, पाळणे येतात. पाळणेवाल्याकडून जागेचे भाडे घेताना परवाना व तपासणीचा दाखला मागणारा कोणी आपल्या समितीत आहे काय? असे विचारणारा माणूस इतरांना किरकिरा वाटतो. त्याला अल्पविश्वासी म्हणू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा तो पाळीत आहे. आणि दाखला नसेल, तर पाळणा फिरू न देण्याचे धैर्य आपण दाखवू या, मग भाडे बुडाले तरी चालेल. एका लेकराच्या जिवापुढे त्या भाड्याचे मोल ते काय?

मुलांचे हसणे ही देवाचीच देणगी आहे. ते हसणे घरी सुखरूप परतावे म्हणून कठडा बांधणे, हे आपल्याकडे सोपविलेले काम आहे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या हाती दिलेल्या जिवांविषयी आम्हांला जागृत ठेव. आमचा आळस तुझ्या इच्छेच्या नावाखाली झाकण्यापासून आम्हांला राख. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.