हत्तीचें पोट व माणसाची दया

मुक्या प्राण्यांवर माणसाकडून होणाऱ्या अन्यायाचा विचार करूं लागलें म्हणजे डोळ्यांपुढें अंकुश, साखळदंड, बंदूक, तोडलेलें रान अशींच चित्रें उभीं राहतात. हीं सारीं शरीराच्या बाहेरचीं आहेत. प्राण्याच्या कातडीपाशीं आपला हात थांबतो, आंत त्याचें तें स्वतंत्र राज्य आहे, अशी आपली समजूत असते. गेल्या कांहीं वर्षांत शास्त्रज्ञ हत्तीच्या लिदीची जी परीक्षा करीत आहेत तिनें या समजुतीला धक्का बसला आहे. आणि विषय नाकाला रुमाल लावण्यासारखा असला तरी त्यांतून निघणारा नीतीचा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं.

आधीं हत्तीच्या पोटाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. वाढलेला हत्ती दिवसाला सुमारें १५० किलो चारा खातो. गवत, बांबू, पाला, झाडांच्या साली यांतील चिवट तंतु फोडण्याची शक्ति त्याच्या स्वतःच्या पाचक रसांत नाहीं. गाय हें काम पोटाच्या पुढच्या कप्प्यांत, रवंथ करीत, उरकून घेते; हत्तीला रवंथ नाहीं. त्याचें हें काम मागच्या बाजूस, अंधांत्रांत व मोठ्या आंतड्यांत, असंख्य सूक्ष्म जंतु करीत असतात. ते तंतु आंबवितात, त्यांतून निघालेलीं आम्लें रक्तांत शोषिलीं जातात, आणि त्यांच्या बळावर तो प्रचंड देह चालतो. इतकें करूनही खाल्लेल्यापैकीं निम्म्याहून अधिक भाग न पचतांच बाहेर पडतो. हत्ती जेवण गोळा करतो. पचविणारे दुसरेच आहेत.

हे जंतु पिलाला मिळतात कोठून? कांहीं जन्माच्या वेळीं आईकडून येतात. पुढें दुधाच्या जोडीला पाला खाण्याचे दिवस आले कीं हत्तीचें पिलूं आईची व कळपांतील इतर हत्तींची लीद सोंडेनें उचलून तोंडांत घालतें. पाहणाऱ्याला किळस येते. परंतु पिलाच्या दृष्टीनें तो वडिलोपार्जित ठेवा आहे. रान पचविण्याची विद्या कळपांत अशी एका पिढीकडून दुसरीकडे जाते. पिलाला कळपापासून तोडणें म्हणजे केवळ मायेपासून तोडणें नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां माणसाचा हात येथें कसा पोंचतो तें पाहूं. रामन सुकुमार यांनीं दक्षिण भारतांतील रानहत्तींचा जो अभ्यास केला त्यांत हत्ती ११२ जातींच्या वनस्पति खातांना आढळले. याच्याशेजारीं देवळाच्या दारांतील हत्तीचें ताट मांडावें: झावळ्या, भाताचे गोळे, गूळ, आणि भाविकांच्या हातचीं केळीं. ज्या जंतूंना रोज शंभर प्रकारचें काम होतें त्यांना पांचसहा प्रकारचेंच उरलें तर त्यांतले पुष्कळ उपाशी मरणार आणि साखरेवर पोसणारे माजणार, हें उघड आहे. रानांतल्या व बांधलेल्या हत्तींच्या लिदी ताडून पाहिल्या असतां त्यांतील जंतूंची वस्ती निराळी दिसते, तें याचमुळें. आजारांत दिलेलीं जंतुनाशक औषधें शत्रु आणि सोबती यांत निवड करीत नाहींत, ही आणखी एक गोष्ट. बांधलेल्या हत्तींना माणसाचा क्षयरोगही माणसाकडूनच जडतो.

रानांत राहिलेलेही सुटले आहेत असें नाहीं. रानालगत ऊंस, भात, केळ उभी राहिली कीं हत्ती तेथें येतो; थोड्या श्रमांत पुष्कळ गोड खावयास मिळतें, तें तो कां सोडील? श्रीलंकेंतील अंपारा जिल्ह्यांत हत्ती उकिरड्यावर चरतात. तेथें मागील आठ वर्षांत सुमारें २० हत्ती प्लॅस्टिक खाऊन मेल्याची बातमी २०२२ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाली होती. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या उत्तराखंडांतील पाहणींत लिदीच्या सुमारें एक तृतीयांश नमुन्यांत माणसाचा कचरा सांपडला, व त्यांत बहुतेक प्लॅस्टिकच होतें.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जंतूंची वस्ती निराळी झाली म्हणजे हत्ती रोगी झालाच, असें म्हणतां येत नाहीं. निराळेपणा हा रोग नव्हे. गांवांतला माणूसही डोंगरांतल्या माणसाहून आंतून निराळाच असतो. उत्साही लेखक हा भेद विसरतात आणि मग त्यांचें खरें म्हणणेंही कोणी ऐकत नाहीं.

मग नीतीचा प्रश्न कोठें राहिला? पाश्चात्य विचारवंतांनीं प्राण्यांविषयींच्या कर्तव्याचीं जीं मापें दिलीं त्यांतलीं दोन आपल्याकडील सुशिक्षितांच्या परिचयाचीं आहेत. बेंथमनें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वेदनेचें माप पुढें केलें: प्राणी विचार करतो कीं नाहीं हें पाहूं नये, त्याला दुःख होतें कीं नाहीं हें पाहावें. कांटचें म्हणणें वेगळें होतें. प्राण्याशीं क्रूरपणें वागणाऱ्याचें मन माणसांविषयींही कठोर होतें, म्हणून क्रूरपणा करूं नये. आमच्या मतें हीं दोन्हीं मापें येथें अपुरीं पडतात. केळें खाणाऱ्या हत्तीला दुःख होत नाहीं. उलट तो मान डोलावून दुसरें मागतो. त्याच्या आंतड्यांतून एखादी जंतूंची जात नाहींशी झाली तर त्याला ओरडावेंसें वाटत नाहीं. आणि केळें देणाऱ्याचें मन कठोर होत नाहीं. लेंकराला कडेवर घेऊन तो हत्तीच्या सोंडेला हात लावतो तेव्हां तें अधिक कोंवळेंच होतें. वेदना नाहीं, क्रौर्य नाहीं, आणि तरीही हत्तीचें कांहीं तरी गेलें.

'जंतूंना कसले आले आहेत हक्क?' असें कोणी विचारील. आमचें म्हणणें जंतूंच्या वतीनें नाहीं. रान पचविण्याचें सामर्थ्य हत्तीचें आहे, आणि तें त्यानें एकट्यानें मिळविलेलें नाहीं. कळपानें त्याच्या स्वाधीन केलेलें आहे. त्याच्या जागीं आपली ओंजळ ठेवणें म्हणजे स्वतंत्र प्राण्याला आश्रित करणें होय. आश्रिताला सुख लाभत नाहीं असें नाहीं. पण त्या सुखाला त्याचें स्वतःचें म्हणतां येणार नाहीं.

याचा दोष मात्र सर्वांना सारखा देतां येत नाहीं. २००२ च्या सुमारास कर्नाटकांतून हत्ती सिंधुदुर्गांत उतरले, तेव्हांपासून दोडामार्गाकडील बागाईतदार माड आणि केळी गमावीत आला आहे. हत्तीच्या आंतड्यांत त्याच्या केळीनें काय घडविलें याचा जाब त्याला विचारणें म्हणजे चोरी झालेल्याच्या घरीं दंड मागण्यास जाणें होय. ज्यांनीं रानें तोडून वाटा अडविल्या त्यांना विचारावें. ज्यांनीं हौसेनें चारलें त्यांनींही थोडें स्वतःला विचारावें.

चारणेंच वाईट, असेंही नाहीं. केनियांत डॅफ्नी शेल्ड्रिक या बाईंनीं पोरक्या पिलांना वांचविण्याची खटपट वर्षानुवर्षें केली. गाईचें दूध पिलांना सोसत नसे. अनेक पिलें हातांत मेलीं. शेवटीं हत्तिणीच्या दुधांतील स्निग्धांशाला खोबरेल तेल जवळचें आहे असें त्यांना आढळलें, आणि पिलें जगूं लागलीं. श्रीलंकेंत उडवलवे येथें १९९५ पासून पोरकीं पिलें वाढवून पुन्हां रानांत सोडतात. या दयेंत आणि देवळाच्या दारांतल्या दयेंत आम्हांस मोठें अंतर दिसतें. येथें देणाऱ्यानें आधीं घेणाऱ्याचें पोट ओळखलें आहे, आणि एके दिवशीं त्याला आपली गरज उरूं नये, असें मनांत धरून दिलें आहे.

आपल्याकडे हत्तींच्या वैद्यकाचा मूळ पुरुष पालकाप्य मुनि. त्याच्या नांवावर असलेला हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापला. कथा अशी आहे कीं, हा मुनि हत्तींच्या कळपाबरोबर रानांत राहत असे. तो जवळ नसतांना अंगदेशाच्या रोमपाद राजाच्या माणसांनीं कळप पकडून चंपानगरीस नेला. मुनि माग काढीत तेथें गेला आणि बांधलेल्या हत्तींच्या जखमांना औषध लावूं लागला. राजानें विचारलें, तेव्हां त्यानें हत्तींचें शास्त्र सांगितलें. रानांत कळपाबरोबर फिरणाऱ्याला तें सांगण्याचा प्रसंग आला नव्हता. हत्ती बांधले गेले तेव्हां आला.

२०२५ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील नांदणीच्या मठांतली हत्तीण न्यायालयाच्या आज्ञेनें गुजरातेंत नेली, तेव्हां त्या भागांत मोठा क्षोभ झाला. लोकांचें तिच्यावर प्रेम होतें, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तिच्या पायांची व प्रकृतीची काळजी वाहणाऱ्यांच्या म्हणण्यालाही आधार होता. पण वाद होता तो पुढें कोणत्या माणसांच्या हातून तिनें जेवावें एवढाच. ती लहानपणींच मठांत आलेली होती, आणि तीस वर्षांहून अधिक काळ माणसाच्या हातचें खात आली होती.