चिलमीवरची नक्षी

एखादी वस्तू ज्या कामासाठी घडवली जाते ते कामच वाईट असेल, तर ती सुंदर घडवणाऱ्याच्या हुनराची तारीफ करावी की करू नये? प्रश्न जुना आहे. आपल्या समाजात तो बहुधा संगीत, चित्र अशा मोठ्या विषयांवर विचारला जातो आणि दोन्ही बाजूंचे आवाज चढून तेथेच संपतो. आम्ही तो येथे एका लहान वस्तूबद्दल विचारून पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे तंबाखू ओढण्याचा पाइप.

युरोप-अमेरिकेत हाताने पाइप कोरणे हा अनेकांचा छंद आहे. दिवसभर नोकरी करून आलेला माणूस रात्री चाकू, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसतो. लाकूड असते ब्रायरचे. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी मोठी गाठ धरते. ती कापून, पाण्यात तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने वाळवली की ती विस्तवाला सहजी दाद देत नाही. फ्रान्समधील सेंट-क्लॉद या गावाने 19व्या शतकाच्या मध्यापासून याच गाठीवर नाव कमावले. छंदी माणसाला भोके पाडून दिलेला ठोकळाही विकत मिळतो. पाइप तयार झाला की तो चार जणांना दाखवावासा वाटतो, आणि मग स्पर्धा येतात. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात पाइप असा संच ठेवण्याची तिकडे रीत आहे. काही स्पर्धांत निवडक सात पाइपांचा असा संचच बनवतात.

आणि हाच हुनर तुर्कस्तानातही आहे, आपल्या धर्मबांधवांच्या हातांत. एस्कीशहिर शहराच्या आसपासच्या गावांत जमिनीतून एक पांढरा, हलका दगड निघतो. तुर्कीत त्याला ‘लुलेताशी’ म्हणतात. ‘लुले’ म्हणजे चिलमीची वाटी, ‘ताश’ म्हणजे दगड. दगडाचे नावच चिलमीवरून पडले आहे. विहिरीसारखे खड्डे खणून तो काढतात. ओला असताना तो चाकूने साबणासारखा कोरता येतो. वाळला की इतका हलका होतो की पाण्यावर तरंगतो. शेवटी मधमाशीच्या मेणात बुडवून त्याला चकाकी देतात. 19व्या शतकात कच्चा दगड व्हिएन्नाला जाई आणि नाव तिथल्या कारखान्यांचे होई. 1970च्या दशकात तुर्कस्तानने कच्च्या दगडाची निर्यात बंद केली आणि कोरण्याचे काम एस्कीशहिरच्या कारागिरांकडे आले. फेटा बांधलेल्या सुलतानाचे डोके, दाढीवाला म्हातारा, गरुडाच्या पंजात धरलेले अंडे, ही त्यांची आवडती रूपे. (सजीवांची चित्रे काढावीत की नाही या वादात आम्ही येथे शिरत नाही. तो शिरला की पाइप बाजूला राहील.)

या दगडाची एक खोड आहे, आणि सगळी अडचण तेथेच आहे. तो सच्छिद्र असतो. ओढणाऱ्याच्या तंबाखूतला ओशट काळपटपणा तो शोषून घेतो. वर्षे जातात तसा पांढरा पाइप पिवळसर, मग मधासारखा, मग तपकिरी होत जातो. शौकीन लोक त्या रंगासाठीच जीव टाकतात. म्हणजे कारागिराच्या हातून पाइप अर्धाच सुंदर होतो. उरलेले सौंदर्य धुरातून येते. तोच धूर माणसाच्या छातीत कोणते रंगकाम करतो हे आज कोणाला सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तंबाखू दरवर्षी 70 लाखांहून अधिक माणसांचा जीव घेते. पाइप ओढणारा त्यातून सुटलेला नाही.

आमचे काही मित्र म्हणतात, एवढा विचार कशाला? कारागीर कोरतो, ओढणारा ओढतो. ज्याचा गुनाह त्याच्या माथी. यावर फिकहमधले एक जुने उदाहरण आठवते. दारू गाळणार हे माहीत असलेल्या माणसाला द्राक्षाचा रस विकावा काय? इमाम अबू हनीफांनी यात हरकत मानली नाही. त्यांचे शागीर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांना मात्र ते पसंत नव्हते. हरकत नाही म्हणणाऱ्यांचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. रसात स्वतःत दोष नाही; त्याचे रूप पालटते तेव्हा तो दारू होतो, आणि ते पालटणारा दुसरा असतो. पण फितन्याच्या काळात दंगेखोरांना हत्यार विकणे मक्रूह, कारण हत्याराला पालटावे लागत नाही, जसे विकले तसेच ते चालते.

आम्ही बी.एड. झालेले उर्दू शाळेतले शिक्षक. फतवा देणे आमचे काम नव्हे. पण हा तराजू हाती आला तर पाइप कोणत्या पारड्यात पडेल? जमिनीतून निघालेला लुलेताशी दगड द्राक्षासारखा आहे. त्याचे काहीही होऊ शकते. एस्कीशहिरला त्याच दगडाची तस्बीह बनते, कानातले बनतात. कोरून, भोक पाडून पूर्ण झालेला पाइप मात्र हत्याराच्या बाजूला जातो. त्याला पुढे पालटायचे काही उरत नाही, फक्त तंबाखू भरायची असते. उलट तलवारीने निदान अब्रूचे रक्षण होते. पाइपाचा असा दुसरा उपयोग आम्हाला तरी सुचलेला नाही.

यावर छंदवाल्यांचे उत्तर असते की आम्ही तो पेटवण्यासाठी करतच नाही, काचेच्या कपाटात ठेवतो. हे उत्तर खोटे नाही. पण स्पर्धेत पाइप ठेवला की परीक्षक काय पाहतो? धुराचे भोक वाटीच्या अगदी तळाशी उघडते की नाही, आतून काडी सरळ जाते की नाही, दातांत धरला तर जड होतो की नाही. ओढताना कसा चालेल यावरच तो जोखला जातो. मग ओढण्याशी आमचा संबंध नाही हे म्हणणे कितपत टिकते?

सौंदर्य निरुपद्रवी असते असे मानणाऱ्यांनी आपल्याच दख्खनचा एक किस्सा वाचावा. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा अंमलदार विजापूरला गेला होता. तेथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत ती तोवर ठाऊक नव्हती. 1604च्या सुमारास तो परतला तेव्हा तंबाखूबरोबर ओढण्याची नळीही घेऊन गेला. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की नळीची दोन्ही टोके जडावाची आणि मिन्याची होती आणि तोंडाशी यमनी अकीक बसवला होता. बादशहाची नजर त्या थाटावर गेली. हकीमाने अडवले, की ही वस्तू आमच्या ग्रंथांत नाही, हिचे गुण माहीत नाहीत. तरी बादशहाने असद बेगचे मन राखण्यासाठी दोन-चार झुरके घेतले. स्वतः त्याने पुढे सवय लावून घेतली नाही, पण दरबारी उमरावांनी लावून घेतली. 1617 साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिकडे तुर्कस्तानात चौथ्या मुरादने 1633 साली घातली होती, तीही मौतीच्या शिक्षेची. दोन्ही बंद्या टिकल्या नाहीत. बादशहाला जे थांबवता आले नाही ते दरबारात शिरले कसे हे पाहिले, तर तंबाखूच्या पानाआधी अकीक आणि मिना दिसतो.

आमच्या शाळेत दरवर्षी हस्तकलेचे प्रदर्शन असते. मागे एकदा सातवीतल्या एका मुलाने नारळाच्या करवंटीचा हुक्का करून आणला. करवंटी घासून काळी कुळकुळीत केलेली, तिच्यावर खिळ्याने कोरलेली वेल, वर मातीची इवलीशी चिलीम. बाकीच्या टेबलांवर थर्माकोलचे ताजमहाल होते, ते कोणाच्या आई-वडिलांनी केले हे दुरून कळत होते. हुक्का त्या मुलाने स्वतः केला होता. त्याच्या बोटांवर खिळ्याचे व्रण होते. शिक्षकांत वाद झाला. एक म्हणाले, शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकण्यास बंदी असल्याची पाटी आपणच फाटकावर लावली, आणि आत हुक्क्याला बक्षीस? दुसऱ्या बाई म्हणाल्या, पोराचा हात तरी बघा! मुलाला विचारले, हाच का केलास? तो म्हणाला, “सर, आमच्या दादांना डॉक्टरांनी बंद केलाय. ते खोकतात. पण हुक्का डोळ्यांसमोर नसला की त्यांना करमत नाही. म्हणून हा केला, याच्यातून ओढता येत नाही.” खरोखरच त्याने करवंटीला भोकच पाडले नव्हते.

बक्षीस ताजमहालाला गेले. हुक्का कपाटात राहिला नाही, मुलगा घरी घेऊन गेला.

त्या वेळेपासून आम्ही तारीफ आणि बक्षीस या दोन गोष्टी वेगळ्या मानत आलो आहोत. तारीफ हाताची असते. ती पाइप कोरणाऱ्याच्या हाताचीही करावी, त्यात कंजुषी नको. बक्षीस मात्र वस्तूला मिळते, आणि ते पाहणाऱ्याला सांगते की ही हवीशी वाटू दे. शिवाय बक्षिसाचा आणखी एक रोग आहे, ज्याला आपले बुजुर्ग रिया म्हणत. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये त्यावर एक अख्खे प्रकरण खर्च केले. दाखवण्यासाठी केलेली इबादत ही त्यांची चिंता होती. पण रात्री एकट्याने लाकूड घासणाऱ्या माणसाचे समाधानही त्याच रोगाने मरते. स्पर्धेत उतरला की तो परीक्षकाच्या डोळ्यांनी घासू लागतो.

एक गोष्ट येथे उलटी आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपण एस्कीशहिरच्या कारागिराला जास्त दोषी धरतो, कारण तो विकतो. आणि छंदी माणसाला निष्पाप, कारण तो विकत नाही. आम्हाला हे पटत नाही. कारागिराच्या घरी चूल आहे, त्याला दुसरे काम सहज मिळत नाही, आणि मजबुरीला शरीअतही सवलत देते. छंदाला मजबुरी नसते. तोच हात घोडा कोरू शकतो, कलमदान कोरू शकतो, चमचा कोरू शकतो. त्याने पाइप निवडला आहे. म्हणून जाब विचारायचा तर आधी त्याला विचारावा.

वस्तू बदलली म्हणून हुनर मरतो असेही नाही. बीदरचे बिदरी काम आपल्या उदगीरपासून फार दूर नाही. जस्तात थोडे तांबे घालून ओतलेली वस्तू, तिच्यात ठोकून बसवलेली चांदी, आणि किल्ल्यातल्या मातीने आणलेला तो गडद काळा रंग. 17व्या-18व्या शतकांत या कारागिरांच्या हातून हुक्क्याची भांडी मोठ्या संख्येने झाली. आज तेथे फुलदाण्या, डब्या, तबके होतात. 2023 साली बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना याच कामासाठी पद्मश्री मिळाली.

जुनी हुक्क्याची भांडी आता संग्रहालयांत आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही आहेत. नळी नाही, चिलीम नाही, नुसते गोल पोट आणि वर बारीक मान. खालची चिठ्ठी वाचली नाही तर ती पाण्याची सुरई वाटते.