आधी बसू दे

बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. आपण भिलाईत आहोत, सेक्टर २ मधल्या एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. ऊन तिरपं येतंय, आणि आपल्याला तिरपाच उजेड हवा आहे. ओरखडा सरळ उजेडात लपतो.

समोर जुन्या पंच्यावर एक फिटिंग ठेवलेलं आहे. काळंभोर, अंगठ्याएवढं. माझा पुतण्या त्याच्या जुन्या जिप्सीला ऑइल कूलर बसवतो आहे, त्याच्या होजच्या टोकाचा हा तुकडा. अजून पाना उचलू नका. आधी तो तुकडा तळहातावर घ्या.

वजन जाणवतंय? जवळजवळ नाहीच. हे अ‍ॅल्युमिनियम. याच छत्तीसगडात कोरब्याला बाल्कोचा कारखाना आहे. कंपनी १९६५ ची. आणि आपण बसलोय ते पोलादाच्या गावात. इथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली, राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते. माझे बाबा साठच्या दशकात विदर्भातून या पोलादासाठी इथे आले आणि इथलेच झाले. तेव्हा आमच्या घराचं मन लोखंडाचं. लोखंड ठोकलं तरी राग धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमशी वागायला मला बरीच वर्षं शिकावं लागलं.

आता त्याच्या रंगावर बोट फिरवा, अगदी हळू. हा रंग वरून फासलेला नाही, तो ज्या थरात मुरलाय तो थर धातूतूनच उगवलेला आहे. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात धन बाजूला जोडतात आणि वीज सोडतात. मग धातूचा वरचा पापुद्रा स्वतःच ऑक्साइड होत जातो, थोडा आत, थोडा बाहेर. त्यात अतिसूक्ष्म छिद्रं राहतात. रंग त्या छिद्रांत भरतात आणि शेवटी कढत पाण्यात ती छिद्रं मिटवतात. याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. शोभेच्या, रंगीत कामात हा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉन असतो. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन. म्हणजे ज्याला आपण सांभाळायला बसलोय ते केसाहून पातळ आहे.

इथे जरा थांबा, कारण एक कोडं आहे. हे ऑक्साइड पोलादाहून टणक असतं. कुरुंदाचा दगड, ज्याने आपण हत्यारांना धार लावतो, तोही मुळात हेच ऑक्साइड. मग पोलादी पान्याने त्याच्यावर ओरखडा पडावाच का?

उन्हाळ्यात आटत चाललेल्या तलावाचा काठ आठवा. वर चिखल वाळून कडक पापुद्री धरते, खाली अजून ओलं असतं. सपाट पाऊल अलगद ठेवलं तर पापुद्री पेलते. टाच रुतवली की तडकते. पापुद्री कच्ची नसते, तिच्या खालची माती मऊ असते. अ‍ॅनोडाइज केलेल्या नटाचं अगदी हेच आहे. वर टणक कातडी, खाली मऊ धातू. भार पसरला तर काही होत नाही. भार एका कोपऱ्यावर गोळा झाला की खालचा धातू दबतो, वरचा थर फुटतो, आणि काळ्यात पांढरी रेघ उमटते. ती पांढरी रेघ म्हणजे उघडा पडलेला धातू. रंग फक्त त्या थरापुरताच होता.

हे मनात चांगलं मुरू द्या. ओरखडा जोराने पडतो असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. तो फटीने पडतो.

आता नटाच्या सहा बाजूंकडे बघा. समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये व्हर्निअर धरा. १७.४६ मिलिमीटर. हा ११/१६ इंच. या फिटिंगांची मापं अमेरिकन लष्कर आणि नौदलाच्या विमानांच्या प्रमाणांतून आली आहेत. नावातला ‘एएन’ हा ‘आर्मी-नेव्ही’चा. आपल्या हातातलं ‘डॅश सिक्स’ म्हणजे इंचाचे सहा सोळांश, ३/८ इंची नळीसाठीचं. भिलाई मात्र पहिल्यापासून मिलिमीटरचं गाव. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी झालेला करार १९५५ सालचा, तिकडची ड्रॉइंगं मेट्रिक; आणि आपल्या देशाचा मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत जेवढे पाने आहेत, सगळे मिलिमीटरचे.

म्हणून ती पेटी उघडा आणि नुसतं बघा. १७ चा फिक्स पाना नटावर जातच नाही. १८ चा जातो, आणि जाताना जो सैल, मोकळा आवाज करतो तो ऐका. अर्धा मिलिमीटर फट. पाना फिरवला की तो आधी त्या फटीत तिरका होतो, मग जबड्याची फक्त दोन टोकं नटाच्या दोन कोपऱ्यांजवळ चावतात. वाळलेल्या चिखलावर टाच.

माझ्या हातून पहिला नट असाच गेला. १८ चा पाना, वर दम लावून ओढलेला. पाना सटकला, नटाच्या कडेवर नखाएवढं पांढरं उमटलं. त्या दिवशी बाबा अंगणातच खुर्ची टाकून बसले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘जोर कायले लावतं आधीच? पहिले पाना बसू दे.’

बसू दे. मराठीत पाना बसतो, झाकण बसतं, घडी बसते, आणि माणूसही बसतो. गेला काही वेळ आपण जे करतो आहोत तेच पान्यालाही करायचं आहे. त्याची पाठ टेकायला हवी. जबड्याची पूर्ण सपाटी नटाच्या पूर्ण सपाटीला लागायला हवी, आत घशापर्यंत.

तर निवड करू. पेटीतला पाइप पाना बाजूला ठेवा, त्याला दात आहेत. पक्कडही नको, तिलाही आहेत. रिंग पाना सगळ्यात चांगला धरतो, पण एका बाजूला होज आहे, कडं ओवणार कुठून? स्क्रू पाना उचला आणि त्याचा सरकता जबडा बोटाने हलवा. कितीही आवळला तरी थोडा डुलतो ना? तोही आज नको. १८ वरच काम भागवायचं असेल तर दोन्ही जबड्यांना आतून वायरिंगच्या टेपचे दोन-दोन थर द्या. एक थर साधारण एक-अष्टमांश मिलिमीटर, चार थरांनी ती अर्ध्या मिलिमीटरची फट जवळजवळ भरते. नड भागते. पण टेप दबते, घसरते, दुसऱ्या-तिसऱ्या नटाला फाटते. तिच्यावर कायमचा भरवसा ठेवू नका.

खरा मार्ग म्हणजे इंची पाना. ११/१६ चा, फिक्स, आतून गुळगुळीत जबड्याचा. या फिटिंगांसाठी अ‍ॅल्युमिनियमचेच खास पाने मिळतात, रुंद जबड्यांचे, कडा मारलेले, आखूड दांड्याचे. मला त्यांतली सगळ्यात मोलाची गोष्ट धातूची नाही, दांड्याच्या आखूडपणाची वाटते. हाताला मर्यादा घालून देतो तो. आणि मऊ जबडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मऊ धातूत लोखंडाचा बुरा चटकन रुततो, मग तोच पाना कानस होतो. म्हणून दर वेळी जबडा पंच्याने पुसा. नटही पुसा. मोठ्या मापांना ७/८, १ इंच असेच वेगळे पाने लागतील. फक्त डॅश ट्वेल्व्हच्या सव्वा इंची नटाला ३२ चा बऱ्यापैकी बसतो, पाव मिलिमीटरचाच फरक. कंपनीगणिक नट बदलतो, तेव्हा व्हर्निअरवर विश्वास, आकड्यावर नाही.

आता आट्यांवर तेलाचा एक थेंब. अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅल्युमिनियमवर कोरडं फिरलं तर एकमेकांना ओरबाडतं आणि धरून बसतं. नट बोटांनी फिरवा, बोटं थांबतील तिथपर्यंत. आत ३७ अंशांचा एक शंकू दुसऱ्या शंकूवर टेकला आहे. तेल अडवतो तो तिथे. आट्यांचं काम फक्त दाबून धरणं. त्यामुळे बाहेरच्या ओरखड्याने गळती होत नाही, आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच नवा, अतिशय पातळ थर येतो. पुतण्याने मला विचारलंही होतं, ‘काका, मग एवढं कशाला?’ मी त्याला तो जुना नट दाखवला. पहिल्या खेपेला पांढरी रेघ, दुसऱ्या खेपेला तिथूनच कोपरा झिजलेला, तिसऱ्या खेपेला कुठलाच पाना न धरणारा. रेघ ही पहिली खूण होती.

डाव्या हातात एक पाना, फिटिंगचं मागचं अंग स्थिर धरायला. उजव्या हातात दुसरा, नट फिरवायला. एकट्या पान्याने फिरवलंत तर होजलाच पीळ बसतो. दोन्ही पाने टेकले का? डोळे मिटून बघा. उजवा हात किंचित मागेपुढे करा. खडखड नाही, नुसता भरीव स्पर्श. आता श्वास सोडताना फिरवा, थोडंसंच. किती ते त्या मापाच्या तक्त्यात दिलेलं असतं, आणि ते नेहमी आपल्या मनाला वाटतं त्याहून कमी असतं. जास्त आवळलं तर शंकूच चेपतो, मग कितीही आवळा, गळतच राहतं.

थांबा. पाना ओढून काढू नका, आला तसा सरळ मागे घ्या. नट तिरप्या उजेडात फिरवून बघा. सहाही बाजू एकसारख्या काळ्या.

पुतण्याला इंजिन सुरू करू द्या. पाच मिनिटं तसंच चालू राहू द्या, मग बंद. नळी गरम असेल, थोडं निवू द्या. मग नटाच्या खालच्या कडेला बोट लावा आणि पंच्याच्या पांढऱ्या कोपऱ्यावर टेका. डाग उमटला नाही, तर उठायला हरकत नाही.