कळतं ना? मग लिही!

"नेटवर्क बिघडल्यास हे फंक्शन यूआरएलएरर देतं." तुझ्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधलं हे वाक्य मोठ्यानं वाच. आता माझ्याकडे बघून सांग, हे खरं आहे?

नाही ना? आणि हे तुला आज कळलेलं नाही. तुझीच रोज रात्री चालणारी स्क्रिप्ट उघड. तिथे याच फंक्शनभोवती काय काय पकडलंयस? यूआरएलएरर. त्याखाली टाइमआउटएरर. त्याखाली एचटीटीपीएक्सेप्शन. म्हणजे तुला ठेच लागली होती. कारणही शोधलंस. स्वतःपुरती डागडुजी केलीस आणि बाकीच्यांना मात्र एकाच एररचं नाव सांगून मोकळा झालास. याला अज्ञान म्हणत नाहीत. अज्ञानी माणसावर मी चिडलो नसतो, त्याला शिकवलं असतं. तुला यात शिकवण्यासारखं काही उरलेलंच नाही, म्हणून तर राग येतो.

चल, तुला पाठ आहे तेच तुझ्यापुढे मांडतो. तुझं फंक्शन आतून पायथनचं यूआरएलओपन वापरतं. जोडणी करताना किंवा विनंती पाठवताना ओएसएरर आला, तर यूआरएललिब तो यूआरएलएररमध्ये गुंडाळून देतं. इथवर तुझं वाक्य बरोबर. पण विनंती पोचली आणि सर्व्हर गप्प बसला तर? उत्तराची वाट पाहणारी ओळ त्या गुंडाळणाऱ्या भागाच्या बाहेर आहे. तिथला टाइमआउट न गुंडाळता, जसाच्या तसा बाहेर पडतो. पायथन ३.१० पासून तो टाइमआउटएरर, त्याआधीच्या आवृत्त्यांत सॉकेटचा वेगळा टाइमआउट. मर्यादा तीच, दहा सेकंदांची. पण ती कुठल्या टप्प्यावर संपली यावर एक्सेप्शनचा प्रकार बदलतो. सर्व्हरनं कबूल केल्यापेक्षा कमी बाइट पाठवून जोडणी बंद केली तर इनकम्प्लीटरीड, आणि तो तर ओएसएररच्या कुळातलाही नाही. पत्त्याच्या सुरुवातीचं एचटीटीपी लिहायला कोणी विसरलं तर व्हॅल्यूएरर.

यातलं एक तरी तुला नवीन आहे का? मग डॉक्युमेंटेशनमध्ये का नाही?

तुझं वाक्य वाचून एखादी मुलगी यूआरएलएरर पकडते आणि निश्चिंत होते. मध्यरात्री टाइमआउटएरर येतो आणि तिचा प्रोग्राम आडवा होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बंब तिकडे कोणी पाठवला? तूच. तू काहीच लिहिलं नसतंस तर ती सावध राहिली असती, चार गोष्टी तपासून पाहिल्या असत्या. तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून ती फसली.

आता तुझ्या सबबी. सगळ्या ऐकल्यात मी.

"मूळ पायथनच्या पानावरही एवढंच लिहिलंय." बरोबर. प्रोटोकॉलची चूक झाली तर यूआरएलएरर, एवढ्यावर तिथे भागवलंय. ते वाक्य तू उचललंस आणि चिकटवलंस. पण त्यांचं वाक्य अपुरं आहे हे कळल्यावर तू काय केलंस? पायथनचं डॉक्युमेंटेशन त्याच्या सोर्स कोडसोबतच, डॉक नावाच्या फोल्डरमध्ये असतं. साधा मजकूर आहे. दुरुस्ती कोणीही पाठवू शकतं. तुझे हात कोणी बांधले होते?

"कोडच खरं डॉक्युमेंटेशन." हे वाक्य फार ऐटीत म्हणतोस. मग जी माणसं तुझी लायब्ररी वापरतात त्यांनी आधी तुझा कोड वाचायचा, मग यूआरएललिबचा, मग त्याच्या पोटातला एचटीटीपी क्लायंट, मग सॉकेट? ते सगळं त्यांनीच वाचायचं तर तुझी लायब्ररी हवीच कशाला? तुझ्या आळसाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ नकोस.

"वेळ मिळाला नाही." खोटं! मुखपृष्ठावरचा लोगो बदलायला वेळ होता. परवा 'डॉक्युमेंटेशनमध्ये सुधारणा' या नावानं जे पाठवलंस त्यात काय होतं? दोन स्वल्पविराम आणि एक स्पेलिंग. त्याच परिच्छेदात ते चुकीचं वाक्य होतं. तुझी नजर त्यावरून गेली. स्वल्पविराम दिसला आणि खोटेपणा दिसला नाही? दिसला. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस.

"माझं इंग्रजी कच्चं आहे, मराठी माध्यमाचा आहे मी." ही सबब मला सगळ्यांत जास्त झोंबते. एक्सेप्शनचं नाव, तो कधी येतो, आल्यावर मागे काय उरतं. चार साध्या वाक्यांचं काम आहे. इंग्रजी पुस्तकं वाचून सॉकेट समजून घेतलेस, आणि चार वाक्यं लिहायची म्हटल्यावर घोडं पेंड खातं? मराठी शाळेला मध्ये ओढू नकोस. तुझ्या टाळाटाळीत तिचा काही दोष नाही.

आणि शेवटची, सगळ्यांत वाईट: "लोक तसेही सगळेच एक्सेप्शन पकडतात." का पकडतात? तुझ्यासारख्यांनी नावं नीट सांगितली नाहीत म्हणून! मग ते नुसतं कोरं एक्सेप्ट लिहितात आणि खाली पास. त्यात चालता प्रोग्राम थांबवायला दाबलेला कंट्रोल-सीसुद्धा गिळला जातो, आणि स्पेलिंग चुकलेल्या व्हेरिएबलचा नेमएररही. २००६ साली पायथन २.५ मध्ये कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टिमएक्झिट मुद्दाम एक्सेप्शनच्या बाहेर, बेसएक्सेप्शनखाली काढले. २०१९ मध्ये ३.८ आलं तेव्हा असिंकआयओच्या कॅन्सल्डएररचंही तेच केलं, कारण सरसकट पकडणाऱ्या कोडमध्ये काम रद्द करण्याची सूचनाच हरवत होती. कुठला एक्सेप्शन कुठल्या कुळात बसावा याचा पायथन घडवणारे इतका विचार करतात, आणि तू नावं लिहायला कंटाळतोस?

आवृत्ती बदलली की पुन्हा लिहावं लागतं, हो. ३.३ मध्ये आयओएरर आणि सॉकेटएरर ओएसएररमध्ये विलीन झाले. असिंकआयओचा टाइमआउट ३.१० पर्यंत वेगळा होता, ३.११ मध्ये तो साध्या टाइमआउटएररशी एकरूप झाला. सबप्रोसेसचा टाइमआउटएक्स्पायर्ड मात्र नावात टाइमआउट असूनही अजून त्या कुळात नाही. हे सगळं पायथनच्या पानांवर आवृत्तीसकट नोंदलेलं आहे, आणि तू वाचलंयस. सबप्रोसेसचं पान तर पुन्हा एकदा उघडच. रन वापरलं तर टाइमआउट झाल्यावर आतली प्रक्रिया मारली जाते. कम्युनिकेट वापरलं तर मारली जात नाही, ती तुम्ही मारायची. तिथे हे स्पष्ट लिहिलंय, खाली छोटासा कोडही दिलाय. ज्यानं ते लिहिलं त्यानं वापरणाऱ्याची रात्र वाचवली. एक्सेप्शनचं नाव सांगून काम संपत नाही, मागचा पसारा कोणी आवरायचा तेही सांगावं लागतं. तुझ्या फंक्शननं टाइमआउटच्या आधी अर्धी फाइल डिस्कवर लिहिलेली असू शकते. त्याबद्दल एक अक्षर लिहिलंयस?

आता नीट ऐक. अंदाजानं लिहायचं नाही. कोणीच ऐकत नाही अशा पोर्टवर विनंती पाठव, यूआरएलएरर येईल, त्याच्या रीझनमध्ये काय आहे ते बघ. मग ऐकायला बसवलेला पण उत्तर न देणारा छोटा सर्व्हर आपल्याच मशीनवर उभा कर आणि टाइमआउट होऊ दे. मग कबूल केल्यापेक्षा कमी बाइट देणारा सर्व्हर. प्रत्येकाची टेस्ट लिही आणि जे दिसेल तेच डॉक्युमेंटेशनमध्ये उतरव. एचटीटीपीएरर हा यूआरएलएररचाच पोटप्रकार आहे, तेव्हा तो आधी पकडायचा, हे लिही. ओएसएरर पकडला तर यूआरएलएरर आणि टाइमआउट दोन्ही सापडतात पण इनकम्प्लीटरीड निसटतो, हेही लिही. अर्ध्या फाइलचं काय करायचं ते लिही. आणि जुनं वाक्य चुकीचं होतं, हे बदलांच्या नोंदीत नाव घेऊन सांग. गुपचूप बदलून टाकलंस तर त्यावर विसंबलेल्यांना कसं कळणार?

एवढी समज असलेली मुलं मला फार भेटत नाहीत. म्हणून तुला असं सोडणार नाही. आधी तुझ्या लायब्ररीतली दुरुस्ती, मग पायथनच्या पानासाठी एक. दोन्ही मला पाठव, टेस्टसकट. बस आता लिहायला.