दार उघडे होते म्हणून



क्षणभर अशी कल्पना करा. इशाची नमाज अदा करून आपण घरी परतला आहात. ठाकूरद्वारच्या चाळीतील आपल्या खोलीत नववीतला मुलगा मान खाली घालून बसला आहे आणि त्याच्या आईच्या हातात शाळेची चिठ्ठी आहे. मुलाने शिक्षकांचा पासवर्ड पाहून ठेवला, त्याच्या आधारे शाळेच्या संगणकात प्रवेश मिळवला, साऱ्या वर्गाचे गुण पाहिले आणि एका मित्राचे चार गुण वाढवून दिले. मुख्याध्यापकांनी उद्या सकाळी आपल्याला बोलावले आहे. त्या रात्री आपण काय कराल?

बहुतेक घरांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एका घरात मुलाला मारहाण होते, मोबाइल काढून घेतला जातो आणि त्यानंतर त्या विषयावर कोणी बोलत नाही. दुसऱ्या घरात वडील मुलाला बजावतात, "काहीही कबूल करू नकोस. त्यांच्याकडे पुरावा काय आहे?" या दुसऱ्या वडिलांच्या मनातील भीती मी जाणतो. आपल्या मुलाच्या नावावर एकदा डाग लागला की तो सहजासहजी पुसला जात नाही, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. तथापि, मारणारे आणि लपवणारे हे दोन्ही पिता एकच प्रश्न टाळत असतात: कोणाचा हक्क बुडाला आणि तो कोण परत करणार?

प्रथम मुलाचा बचाव ऐकू या. तो म्हणेल, "मी काही चोरले नाही, फक्त पाहिले." कुरआनच्या सूरह नूरमधील २७ व २८ या आयतींत श्रद्धावंतांना आज्ञा आहे की, परक्या घरात परवानगी मागितल्याशिवाय व सलाम केल्याशिवाय प्रवेश करू नये, आत कोणी नसले तरीही परवानगीवाचून जाऊ नये, आणि परत जा असे सांगितले गेले तर परत फिरावे. ही परवानगी कशासाठी? हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्याकडून बुखारीत आलेल्या हदीसमध्ये याचे उत्तर आहे. एक मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरात छिद्रातून डोकावत होता. त्याने काही उचलले नव्हते, उंबरठाही ओलांडला नव्हता. तरीही प्रेषितांनी (स.) त्याला कठोर शब्दांत बजावले आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच घालून दिला असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे 'फक्त पाहणे' ही पळवाट इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच बंद केली आहे. शाळेच्या संगणकात एखाद्या मुलीचा पत्ता असतो, एखाद्याची थकलेली फी असते, एखाद्याच्या आजाराची नोंद असते. ती सारी त्या कुटुंबांची झाकली मूठ आहे.

मुलाचा दुसरा बचाव असा: "पासवर्ड तर तिथेच लिहिला होता. दार उघडेच होते." गिरगावातील चाळींत राहिलेल्या माणसाला याचे उत्तर शिकवावे लागत नाही. तेथे दिवसभर दारे उघडी असतात, गॅलरीतून जाता-येता साऱ्या घरांचा संसार दिसतो. पण बाहेरून हाक दिल्याखेरीज कोणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जात नाही. उघडे दार हा शेजाऱ्यांवरील विश्वास असतो, ते आमंत्रण नसते.

मात्र या बचावात शाळेने ऐकण्याजोगेही काही आहे. २००४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कुट्झटाउन येथे एका शाळेने विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. त्यांचा मुख्य पासवर्ड शाळेच्या पत्त्यावरून बनवला होता आणि तो लॅपटॉपच्या मागेच चिकटवलेला होता. मुलांनी तो वापरून बंदी असलेले प्रोग्रॅम चालवले, एवढेच नव्हे तर आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या प्रशासनावरच उलट पाळत ठेवली. शाळेने दिलेल्या शिक्षांनी काही साधले नाही, तेव्हा प्रकरण पोलिसांकडे गेले आणि १३ मुलांवर गंभीर फौजदारी आरोप ठेवले गेले. गावात संताप उसळला. अखेर मुलांपुढे तडजोड ठेवण्यात आली: १५ तासांची समाजसेवा, माफीचे पत्र, जबाबदारीविषयीचा एक वर्ग आणि काही महिन्यांची देखरेख. जे पहिल्याच आठवड्यात शाळेच्या आवारात होऊ शकले असते, ते न्यायव्यवस्थेच्या दारातून फिरून तेथेच येऊन पोहोचले. मुलांचा अपराध खराच होता. पण विद्यार्थ्यांची माहिती ही शाळेकडे सोपवलेली अमानत आहे आणि अमानतीला कुलूप न लावणाराही अल्लाहसमोर उत्तरदायी आहे.

मग अशा मुलाशी वागावे कसे? मला येथे हजरत राफे बिन अम्र (रजि.) यांची हदीस आठवते. ती अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. लहानपणी ते अन्सारांच्या खजुरीच्या झाडांवर दगड मारीत असत. त्यांना पकडून प्रेषितांसमोर (स.) आणले गेले. प्रेषितांनी (स.) आधी कारण विचारले: झाडांवर दगड का मारतोस? मुलाने सरळ सांगितले, खाण्यासाठी. तेव्हा प्रेषितांनी (स.) दगड मारण्यास मनाई केली, खाली पडलेले खजूर खाण्याची मुभा दिली, त्याच्या मस्तकावरून हात फिरवला आणि त्याचे पोट भरावे म्हणून दुआ केली. वाचकहो, या क्रमाकडे लक्ष द्या. प्रश्न आधी आला, मनाई नंतर. मनाईपाठोपाठ वैध मार्ग दाखवला गेला आणि शेवटी त्या मुलासाठी हात उचलले गेले.

शाळेच्या संगणकात शिरणाऱ्या मुलालाही कसली तरी भूक असते. ती गुणांची असेल, मित्रांत मोठे ठरण्याची असेल, किंवा यंत्र आतून कसे चालते हे जाणण्याची असेल. प्रत्येकीसाठी उपाय वेगळा आहे. गुणांसाठी शिरलेल्याला अभ्यासात मदत हवी. मोठेपणासाठी शिरलेल्याला संगत बदलून हवी. जिज्ञासेने शिरलेल्याला जाणता शिक्षक हवा. यंत्रणेतील कच्चे दुवे मालकाच्या परवानगीने शोधून देणे हा आज सन्मानाचा व हलाल रोजगाराचा मार्ग आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. कारण न विचारता दिलेली शिक्षा तिन्ही मुलांना एकच धडा देते: पुढच्या वेळी सापडू नकोस.

याचा अर्थ सारे माफ करून विषय मिटवावा असा नाही. सूरह अंबियाच्या ७८ व ७९ या आयतींत हजरत दाऊद (अ.) व हजरत सुलेमान (अ.) यांच्यापुढे आलेल्या एका तंट्याचा उल्लेख आहे. रात्रीच्या वेळी एका कळपाने दुसऱ्याचे शेत उद्ध्वस्त केले होते. भाष्यकार सांगतात की, हजरत दाऊद (अ.) यांनी मेंढ्याच शेतकऱ्याला देण्याचा निर्णय दिला. हजरत सुलेमान (अ.) यांचा निर्णय असा होता: शेत पूर्ववत होईपर्यंत मेंढ्यांचे दूध व लोकर शेतकऱ्याने घ्यावी, कळपाच्या मालकाने त्या शेतात राबून ते पहिल्यासारखे करावे आणि मग ज्याचे त्याला परत मिळावे. शेतकऱ्याचे नुकसान भरून निघाले आणि कळपाचा मालकही देशोधडीला लागला नाही.

आपल्या मुलाचे 'शेत' म्हणजे ते चार गुण, त्या यादीवरील वर्गाचा विश्वास आणि ते सारे तपासण्यात गेलेले शिक्षकांचे दिवस. फकीहांनी सांगितले आहे की, नाबालिग मुलाच्या नावावर गुनाह लिहिला जात नसला, तरी त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई माफ होत नाही. तेव्हा बदललेले गुण पूर्ववत व्हावेत, मुलाने शिक्षकांची समक्ष माफी मागावी आणि शाळेच्या कामात हात लावून ते दिवस भरून द्यावेत.

देशाच्या कायद्यातही या मार्गाला जागा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार परवानगीविना संगणकात शिरणे भरपाईस पात्र आहे, आणि ते अप्रामाणिक हेतूने केले असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण १८ वर्षांखालील मुलाला २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. त्यात समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन व समाजसेवा यांची तरतूद आहे आणि मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात त्याचे नाव फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मुलगा विश्वस्तांचा असो वा पहारेकऱ्याचा, वागणूक एकच असावी, प्रतिष्ठितांना सोडून दुर्बलांना धरल्यानेच पूर्वीचे समाज नष्ट झाले, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे.

आणि वेळ दवडू नये. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची ९० हजारांहून अधिक प्रवेशपत्रे टेलिग्रामवर प्रसृत झाली. या प्रकरणी नवी मुंबईच्या सायबर पोलिसांनी पुण्यातून एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला अटक केली. तो सायबर विषयाचेच पदवी शिक्षण घेत होता. त्याच्या दोषादोषाचा निर्णय न्यायालयाचा आहे. आपण एवढेच पाहावे की, चौदाव्या वर्षी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटू शकणारी गोष्ट एकोणिसाव्या वर्षी कोठडीपर्यंत जाते. मधल्या पाच वर्षांत आपण कोठे असतो, हा प्रश्न आपल्याला आहे.

म्हणून त्या रात्रीकडे परत येऊ या. प्रेषितांनी (स.) आपल्या बांधवाला मदत करण्यास सांगितले, मग तो अत्याचारपीडित असो वा अत्याचारी; आणि अत्याचाऱ्याची मदत म्हणजे त्याचा हात रोखणे, असेही समजावले. आपल्या मुलाला खोटे बोलायला शिकवणे ही मदत नव्हे. दुसऱ्याच्या दोषावर पांघरूण घालणे पुण्याचे आहे, परंतु ज्या पांघरुणाखाली तिसऱ्याचा हक्क दडपला जातो ते पुण्याचे नाही. तेव्हा मुलाला जवळ बसवा. आधी विचारा, "का केलेस?" उत्तर येईपर्यंत थांबा. मग त्याच्याबरोबर फजरची नमाज अदा करा आणि सकाळी त्याचा हात धरून शाळेत जा. बोलू त्याला द्या. आपण शेजारी उभे राहा. मुख्याध्यापकांना सांगा की, नुकसान आमचे लेकरू भरून देईल, आपण त्याला शाळेतून काढू नका.

ते ऐकतील वा न ऐकतील. परंतु बंद दारासमोर परवानगी मागून उभे कसे राहावे, हे आपल्या मुलाने त्या दिवशी आपल्याकडून शिकलेले असेल.

अल्लाह आपल्या मुलांना ज्ञानाबरोबर अमानतीची जाण देवो आणि आपल्याला त्यांचे न्यायी व दयाळू पालक बनवो. आमीन.