जंतू मेले, मग कान का गेले?

पेनिसिलिन येण्याआधी न्यूमोकॉकस जंतूमुळे झालेला मेनिंजायटिस (मेंदूभोवतीच्या आवरणांची सूज) म्हणजे जवळजवळ ठरलेला मृत्यू. पेनिसिलिनने पुष्कळ माणसं वाचवली, पण सगळी नाही. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात जंतूचा मागमूस नसायचा, तरी रोगी दगावायचा, किंवा मूल बरं होऊन घरी जायचं आणि हाक मारली तर वळून बघायचं नाही.

याचं उत्तर १९८०च्या दशकात सशांनी दिलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन टुओमानेन आणि सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात जिवंत जंतूंऐवजी न्यूमोकॉकसच्या भिंतीचे नुसते तुकडे सोडले. तरीही तशीच सूज आली. म्हणजे नासधूस एकटा जंतू करत नव्हता, त्याच्यावर तुटून पडणारं आपलंच शरीर करत होतं. पेनिसिलिनसारखी औषधं तर जंतूची भिंत फोडूनच त्याला मारतात, म्हणजे तुकड्यांचा एकच लोंढा. आगीतून फुफाट्यात! कवटी काही ताणली जात नाही. सूज आली की आतला दाब वाढतो, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. हीच सूज आतल्या कानातही उतरते. तिथल्या शंखाकृती पोकळीत पुढे हाडच तयार होऊ लागलं, तर ऐकू यावं म्हणून बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणंही अवघड होतं.

मग सूज दाबणारं स्टिरॉइड का देऊ नये? जंतुसंसर्गात प्रतिकारशक्ती दाबायची, हे ऐकायला उफराटंच वाटतं. डॅलसमधल्या डॉक्टरांनी २०० मुलांच्या चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड वापरून पाहिलं आणि १९८८ साली निष्कर्ष छापले. दोन्ही कानांचं ऐकणं बऱ्यापैकी गेलेल्या मुलांचं प्रमाण १५.५ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आलं होतं. मृत्यू मात्र कमी झाले नव्हते. यातल्या बहुतेक मुलांना हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी) या जंतूमुळे मेनिंजायटिस झाला होता. लवकरच हिबची लस आली आणि श्रीमंत देशांत तो आजारच दिसेनासा झाला. औषध सिद्ध झालं, तोवर रोगीच उरले नाहीत.

पुढचं मोठं पाऊल २००२चं. नेदरलँड्सच्या डी गान्स आणि व्हॅन डे बेक यांच्या युरोपातल्या चाचणीत ३०१ प्रौढ होते. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी किंवा त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन दिल्यावर मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. वेळेचा हा आग्रह उगीच नव्हता. सुजेची साखळी एकदा सुरू झाली की स्टिरॉइडचा उपयोग कमी होत जातो.

त्याच वर्षी मलावीतून ६०२ मुलांचा अभ्यास आला. स्टिरॉइड मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत ३१ टक्के मुलं दगावली. २००७मध्ये तिथल्या प्रौढांतही स्टिरॉइडने फरक पडला नाही. त्यांतले सुमारे ९० टक्के एचआयव्हीबाधित होते. व्हिएतनाममध्ये मात्र ज्यांचा जंतू तपासणीत पक्का सापडला, त्यांना फायदा झाला. मलावीत फायदा का झाला नाही? एचआयव्ही, कुपोषण, दवाखान्यात पोचायला झालेला उशीर अशी बरीच कारणं पुढे आली. माझ्या मते दोष तर्कात नव्हता. मात्र तो तर्क बांधला गेला होता सशांवर आणि वेळेत इस्पितळात पोचणाऱ्या रोग्यांवर.

सुजेवरच्या दुसऱ्या औषधाची, ग्लिसेरॉलची, गत तर याहून वाईट. स्वस्त, तोंडाने देता येणारं, मेंदूतलं पाणी ओढून घेणारं. लॅटिन अमेरिकेतल्या मुलांत २००७मध्ये त्याने मज्जासंस्थेचे गंभीर विकार कमी झालेले दिसले. गरीब देशांसाठी यापरतं काय हवं! पण मलावीतल्या प्रौढांवरची चाचणी मधेच थांबवावी लागली. ग्लिसेरॉल मिळालेल्यांत ६३ टक्के मृत्यू, न मिळालेल्यांत ४९. हे निष्कर्ष २०११मध्ये प्रसिद्ध झाले.

आज चांगल्या सोयीच्या इस्पितळात संशय आला की पहिल्या अँटिबायोटिकबरोबरच डेक्सामेथासोन सुरू करतात, जंतू कोणता हे कळायच्या आधीच. मग कल्चरचा रिपोर्ट येतो. न्यूमोकॉकस किंवा हिब निघाला तर चार दिवस चालू. दुसरा काही निघाला तर बहुतेक ठिकाणी बंद. लिस्टेरिया निघाला तर बंद करण्याला आणखी एक कारण आहे: २०१७च्या फ्रेंच अभ्यासात अशा रोग्यांत स्टिरॉइड मिळालेले जास्त दगावलेले दिसले.